घाटातली गाडी आणि प्रोटॉनचा झोत

कर्जतला गाडीच्या मागे ढकलण्यासाठी जोडली जाणारी जादा इंजिने आपण मावळातल्या मंडळींनी पुष्कळ वेळा पाहिली आहेत. बोरघाटाचा हा मार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ ३७ फुटांना १ फूट. आता या मार्गाची ओळीने एक यादी करा पाहू. सरळ रूळ, वळण, बोगदा, पूल, पुन्हा सरळ रूळ. कणत्वरक, म्हणजे प्रोटॉनसारखे सूक्ष्म कण पळवणारे यंत्र, संगणकात उतरवतात ते अशाच यादीने.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या 'लेहिपा' या यंत्राच्या आराखड्यात प्रोटॉन ५० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टवर निघतात आणि २ कोटींपर्यंत चढतात. अशा वाटेवर झोत फाकू नये म्हणून चुंबके बसवतात. गंमत अशी, की चार ध्रुवांचे चुंबक झोताला आडवे आवळते तेव्हा उभे फाकवते. म्हणून पुढचे उलटे लावायचे. दोन्ही मिळून झोत आवळला जातो. मधल्या रिकाम्या नळीचीही यादीत नोंद हवी. कवितेत यति मोजतात, तसेच हे.

खरी कसोटी निवडीची. चुंबक बसवताना केसभर सरकले तर काय होईल, हे अभियंते आधी संगणकावर पाहतात. पण सरकवायची कोणती? सर्न संस्थेच्या 'मॅड-एक्स' या प्रणालीत निवड तीन प्रकारे होते : जातीने, नावाने आणि टप्प्याने. 'सगळे बोगदे' ही जात. 'लोणावळा ते तळेगाव' हा टप्पा. नावाने मागाल तर जपून! कर्जत ते तळेगाव या मार्गावर नुसते 'क'ची स्थानके म्हटले, की कर्जतबरोबर कामशेत आणि कान्हेही उभी राहतात. एकाच आज्ञेत 'क' आणि 'लोणावळा ते तळेगाव' दोन्ही अटी घातल्या, तर कर्जत गळते. मात्र दोन वेगळ्या आज्ञा दिल्या, तर निवड आकसण्याऐवजी वाढते. शिवाय आधीची निवड पुसली नाही, तर ती गुपचूप मागे राहते. माझ्या मते सर्वांत फसवी जागा हीच, कारण संगणक कुरकुर करत नाही. सुबक आलेख काढून देतो.

आणि आलेख खोटा निघाला, तर? ताकदवान यंत्रात झोताचा बारीकसा अंशही नळीला घासत राहिला, तर धातू किरणोत्सारी होतो. दर मीटरला १ वॉटपेक्षा कमी झोत वाया जावा, असा दंडक जगभर पाळतात. यंत्र बंद केल्यावर दुरुस्तीसाठी माणसाला हाताने काम करता यावे, यासाठी तो आहे. नुकसान त्याहून बरेच वाढले, तर पाना घेऊन आत जाणाऱ्या तंत्रज्ञाला दारातच थांबावे लागते.

म्हणून जाणते लोक गणित सुरू करण्यापूर्वी जुनी निवड पुसतात, निवडलेल्या चुंबकांची नावे छापून घेतात आणि नकाशावर बोट ठेवून एकेक मोजतात.