द्राक्षवेल ते पेला (भाग ९) : आधी लिहायचं, मग बोलायचं

मागच्या आठवड्यात आपण फ्रेंच बाटलीवरचं लेबल वाचायला शिकलो. आज बाटल्या उघडायच्या, त्याही दहा-बारा जणांनी मिळून. एकट्याने एक बाटली संपवण्यापेक्षा बारा जणांनी पाच बाटल्या वाटून घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. ७५० मिलिलिटरची बाटली बारा जणांत वाटली की प्रत्येकाच्या पेल्यात साठेक मिलिलिटर येते. नीट हुंगायला आणि तीन-चार छोटे घोट घ्यायला तेवढी पुरते. शिवाय एकट्याच्या खिशाला न झेपणारी बाटली वर्गणीत येते.

घोळक्यात धोका मात्र आहे, कारण नाक सहज फसतं. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे दहा व्हाइट वाइन ठेवल्या, नावं झाकून. चार बर्गंडीच्या, सहा कॅलिफोर्नियाच्या, सगळ्या शार्दोने द्राक्षाच्या. पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या शॅटो माँटेलेनाला मिळाला. कोणत्या क्रमाने कोणती वाइन येतेय, याची यादी पत्रकार जॉर्ज टेबर याच्या हातात होती. एक मातब्बर परीक्षक कॅलिफोर्नियाची वाइन चाखून, आता आपण फ्रान्सला परतलो, असं म्हणाल्याचं त्याने नोंदवलं आहे. पुढे २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एकच व्हाइट वाइन दोन पेल्यांत दिली. त्यातल्या एका पेल्यात चव नसलेला लाल रंग मिसळलेला होता. त्या पेल्याचं वर्णन करताना विद्यार्थ्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले.

नाक डोळ्यांचं इतकं ऐकत असेल, तर कानांचंही ऐकणारच. शेजारचा ‘लोणी’ म्हणाला की आपल्यालाही लोण्याचाच वास यायला लागतो. म्हणून बैठकीचा पहिला नियम असा, की पेला हातात आल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं. मग बोलायची सुरुवात सगळ्यांत नवख्या माणसाने करायची आणि जाणकाराने शेवटी बोलायचं. हा क्रम उलटला की बैठकीचं व्याख्यान होतं आणि बाकी अकरा नाकं वाया जातात.

लिहिताना शब्द आपल्या घरचे वापरा. इंग्रजी पुस्तकांत गूजबेरी भेटते, ब्रियोश भेटतो; ज्याने ते कधी खाल्लेच नाहीत, त्याला त्यांचा वास कसा येणार? कैरी, ताक, भिजलेली पाटी, पहाटेची पावाची भट्टी हे शब्द तितकेच अचूक आहेत.

आता बाटल्या. पहिल्या तिन्ही एकाच द्राक्षाच्या घ्या, शार्दोनेच्या. म्हणजे जागा आणि पद्धत बदलली की काय बदलतं ते कळेल. सुरुवात शँपेनने, त्यातही ‘ब्लाँ द ब्लाँ’ने, म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांच्या शँपेनने. एपर्ने शहराच्या दक्षिणेला खडूसारख्या चुनखडीच्या उतारांवर ही द्राक्षं पिकतात. आधी साधी, आंबट वाइन तयार होते. बाटलीत भरताना तिच्यात लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. बाटलीत सुमारे सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. त्यामुळे बूच न उडवता, बाटली तिरकी धरून, बूच घट्ट पकडून बाटली फिरवायची. आवाज जितका कमी, तितका जास्त वायू आत शिल्लक.

काम संपलेलं यीस्ट बाटलीतच मरतं आणि सावकाश विरघळत जातं. पावाच्या भट्टीचा तो वास इथून येतो. नुसत्या वायूसाठी फार काळ थांबायची गरज नसते. थांबायचं ते या वासासाठी. साल न लिहिलेली शँपेनसुद्धा बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात राहते, आणि साल लिहिलेली तीन वर्षं. पुढे बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करतात, गाळ तोंडाशी येतो, तो गोठवून बाहेर काढतात. मग थोडी गोडी घालून पक्कं बूच लावतात. लेबलवर ‘ब्रूत’ असेल तर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर.

पेल्याकडेही बघा. रँसचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवलं आहे की बहुतेक बुडबुडे काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंमध्ये जन्मतात. पुसायच्या फडक्याचे किंवा हवेतल्या धुळीचे ते तंतू. म्हणून एका पेल्यात बुडबुड्यांच्या माळा आणि शेजारच्यात शांतता दिसली, तर दोष वाइनचा नाही.

दुसरी बाटली शाब्लीची. बर्गंडीच्या पार उत्तरेच्या या गावाच्या मातीत लहान कालवांचे असंख्य जीवाश्म आहेत. पेल्यात ओल्या दगडाचा, किंचित खारट भास होतो आणि लोक लगेच कालवांचं नाव घेतात. खडकाची चव मुळांतून थेट वाइनमध्ये चढते, हे मला पटत नाही. थंड हवेने टिकवलेला धारदार आंबटपणा हे मला जास्त सयुक्तिक कारण वाटतं. पण कोकणातल्या माणसाने कालवांबरोबर ही वाइन एकदा जरूर घ्यावी.

तिसरी मरसो गावची. द्राक्ष तेच, पण इथे ती २२८ लिटरच्या ओकच्या पिंपांत मुरते, आणि जिवाणू हिरव्या सफरचंदातल्या आम्लाचं दह्यातल्या आम्लात रूपांतर करतात. लोण्याचा वासही त्याच प्रक्रियेतून येतो. शाब्लीमध्येही हे रूपांतर बहुधा होतंच, तरी पिंप आणि ऊन यांमुळे मरसो कितीतरी भरदार लागते. ही फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांनी ओता. गारठलेली मरसो मुकी असते.

शेवटी लुआर नदीकाठची वूव्रे, शनँ ब्लाँ द्राक्षाची, ‘दमी-सेक’ म्हणजे थोडी गोड. तिच्याशेजारी नाशिकची शनँ ब्लाँ ठेवा. द्राक्ष एकच, पण वूव्रेत गोडीच्या पाठीशी उभा असलेला आंबटपणा किती ताठ आहे, हे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

थुंकायला भांडं ठेवा आणि संकोच सोडा. पाचव्या पेल्याला जीभ ताजी हवी. आणि पहिल्या पेल्यातली दोन घोट शँपेन बाजूला झाकून ठेवा. तासाभराने बुडबुडे जवळपास सरलेले असतील, गारवा गेलेला असेल. पुन्हा पाच मिनिटं गप्प बसून ती चाखा आणि पहिल्या नोंदीखाली दुसरी लिहा.