जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन (लेखांक सातवा) : एक्सल आणि त्याचे सांधे

इंजिनात निर्माण झालेली शक्ती क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यामधून कशी वाट काढते, तिचा वेग कमी होताना तिचे बळ कसे वाढते आणि अखेरीस डिफरन्शिअलपाशी तिचे दोन चाकांत वाटप कसे होते, याचा विचार मागील दोन लेखांकांत आपण केला. आता ती शक्ती प्रत्यक्ष चाकाच्या हवाली करावयाची आहे. वरवर पाहणाऱ्यास हे काम अगदी साधे वाटेल. एका टोकाला गिअरबॉक्स, दुसऱ्या टोकाला चाक, मध्ये एक पोलादी दांडा बसविला की झाले. परंतु ज्या मोटारीत पुढचीच चाके साऱ्या गाडीला ओढतात, त्या मोटारीत त्याच चाकांना खड्ड्यागणिक वरखाली व्हावे लागते, वळणावर त्यांनाच तिरपे व्हावे लागते, आणि या दोन्ही हालचाली चालू असताना त्यांच्या फिरण्यात मात्र एका फेऱ्यापुरताही चढउतार खपत नाही. वाकावे आणि तरीही समगतीने फिरावे, ही परस्परविरोधी मागणी दांड्याच्या दोन टोकांस असलेले सांधे पुरी करतात. बडोद्याच्या गॅरेजांत ज्याला सरसकट ‘एक्सल’ म्हणतात, त्या दांड्याची व त्याच्या या दोन सांध्यांची परीक्षा, दुरुस्ती आणि पुनर्जुळणी हा आजच्या लेखांकाचा विषय होय.

आपल्याकडे ज्या ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींनी अनेक दशके रस्त्यांवर अंमल गाजविला, त्यांचे इंजिन पुढे असले तरी ओढ मागच्या चाकांना असे. तेथे गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब शाफ्टला ज्याला मेस्त्री मंडळी ‘क्रॉस’ म्हणतात तो सांधा पुरेसा होता. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने अभ्यासिलेला हा सांधा मजबूत खरा, परंतु त्याच्यात एक मूलभूत दोष आहे. दोन दांड्यांमध्ये ३० अंशांचा कोन असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १००० फेऱ्यांच्या अचल गतीने फिरत असेल, तर दुसऱ्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा ८६६ पर्यंत उतरते आणि दोन वेळा ११५५ पर्यंत चढते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना परस्परपूरक रीतीने क्रॉस बसविले म्हणजे एकाचा दोष दुसरा फेडून टाकतो, आणि कोनही लहान असल्यामुळे मागच्या ओढीच्या गाडीत हा हिशेब जुळतो. पुढच्या चाकांस मात्र वळताना ४० अंशांच्या घरात तिरपे व्हावे लागते. तेथे असा सांधा बसविला तर स्टिअरिंग धरणाऱ्या हातांना प्रत्येक वळणावर हिसके बसल्याशिवाय राहणार नाहीत.

या अडचणीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न १९२० नंतरच्या दशकात निरनिराळ्या देशांत झाले. फ्रान्समध्ये झाँ-अल्बेर ग्रेगवार आणि पिएर फेनाय यांनी ‘ट्रॅक्टा’ नावाचा सांधा सिद्ध केला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा याने पोलादी छर्‍यांचा तो सांधा निर्माण केला, जो थोड्याफार फरकाने आजही कोट्यवधी मोटारींच्या पुढच्या चाकांत फिरत आहे. त्याची रचना अशी. दांड्याच्या टोकावर सहा खाचा असलेला एक गोलाकार गाभा. त्याच्यावर तशाच सहा खाचा आतून कोरलेला एक कप. गाभा व कप यांच्या खाचांमध्ये अडकलेले सहा छर्रे. आणि हे सहाही छर्रे एकाच पातळीत राहावेत म्हणून त्यांच्याभोवती सहा खिडक्यांचे एक पोलादी कडे, ज्याला पिंजरा म्हणतात. या सांध्याचे सारे मर्म छर्‍यांच्या पातळीत आहे. चाक आणि दांडा यांच्यात ४० अंशांचा कोन झाला, तर छर्रे बरोबर २० अंशांवर, म्हणजे कोनाच्या नेमक्या दुभाजक पातळीत येऊन स्थिर होतात; आणि दुभाजक पातळीत असल्यामुळेच दोन्ही दांड्यांच्या अक्षांपासून त्यांचे अंतर नेहमी समान राहून दोहोंची गतीही समान राहते. इंग्लंडात १९५९ साली बाजारात आलेल्या ‘मिनी’ या लहानशा मोटारीने हा सांधा सामान्य कुटुंबांच्या दारात आणून उभा केला. आपल्या देशात पुढच्या ओढीची मोटार घरोघर पोहोचविण्याचे श्रेय निःसंशय मारुती ८०० कडे जाते, जिची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जिचे उत्पादन २०१४ च्या प्रारंभापर्यंत चालू होते. बडोद्यापासून जवळच असलेल्या हालोल येथील कारखान्यातून १९९६ पासून बाहेर पडू लागलेली ओपेल ॲस्ट्राही याच जातीची. या दोन्ही मोटारींची जुनी वाहने आजही या शहरात आढळतात, आणि त्यांच्या मालकांना हा लेखांक विशेष उपयोगी पडावा.

सांधा झिजून निकामी होतो तो भाराने क्वचितच. बहुधा तो मरतो उपेक्षेने. निर्मात्याने त्यात भरलेले ग्रीस आतच राहावे आणि बाहेरची धूळ बाहेरच राहावी, एवढ्यासाठी सांध्यावर रबराचा एक घड्यांचा बूट चढविलेला असतो. हा बूट शाबूत असेपर्यंत सांधा लाखभर किलोमीटर विनातक्रार चालतो. परंतु उन्हाने, वयाने किंवा रस्त्यावरील खड्याने रबराच्या घडीत एखादी चीर पडली, की फिरण्याच्या वेगाने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्याच वाटेने धूळ आत शिरते. मग उरलेले ग्रीस वंगणाचे काम सोडून सहाणेचे काम करू लागते. बडोद्यात या संकटाला आणखी एक पदर आहे. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस या शहरावर कोसळला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, २६ फूट ही धोक्याची पातळी असलेली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर चढून शहरात शिरली, तेव्हा कित्येक मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. ज्यांचे बूट धड होते त्यांचे सांधे वाचले. ज्यांच्या बुटांना बारीकशी चीर होती त्यांच्या ग्रीसचे पाण्याशी मिश्रण होऊन त्याला पांढुरका फेसाळ रंग आला आणि काही महिन्यांतच पोलादावर गंजाने ठाण मांडले. पुरात उभी राहिलेली जुनी मोटार ज्यांनी स्वस्तात खरेदी केली असेल, त्यांनी इंजिनाच्या आधी या बुटांची खातरजमा करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दोष कोठे आहे हे गाडी न उकलताही पुष्कळ अंशी कळते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवावे आणि सावकाश गाडी चालवीत थोडा ॲक्सिलरेटर द्यावा. चाकापाशी ठराविक लयीत ‘कट-कट’ असा आवाज आला, तर बाहेरचा, म्हणजे चाकाजवळचा सांधा झिजला असे समजावे. आणि हा सांधा बहुधा वळणाच्या बाहेरील बाजूच्या चाकाचा असतो. आवाजाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोटार आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ सरळ धावत असल्यामुळे छर्रे खाचेच्या मध्यभागीच घासत राहतात आणि तेथे हळूहळू खळगा पडतो. वळताना त्यांना खाचेतून पुढेमागे सरकावे लागते, तेव्हा प्रत्येक फेऱ्यात ते खळग्याच्या काठावरून खाली पडतात, आणि तोच तो आवाज. याउलट सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर संशय गिअरबॉक्सजवळच्या आतल्या सांध्याकडे वळवावा. हा सांधा कमी वाकतो, परंतु चाक वरखाली होताना दांड्याची जी लांबी कमीअधिक व्हावी लागते ती तोच पुरवितो. त्यात बहुधा तीन रोलर सरळ खाचांतून सरकत असतात. वेगाबरोबर वाढणारी आणि कट-कट न करणारी अखंड घरघर मात्र एक्सलची नसून बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते.

उकलण्याच्या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. चाकाच्या मध्यावरील मोठा नट गाडी जमिनीवर उभी असतानाच, हँडब्रेक ओढून, सैल करावा. गाडी उचलल्यानंतर तो सोडविण्याच्या नादात ती जॅकवरून घसरण्याचा धोका असतो. त्यानंतर गाडी उचलून घोडीवर ठेवावी, केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कदापि शिरू नये. गिअरबॉक्समधील तेल काढून घ्यावे; ते दुधाळ दिसले तर तेथेही पाणी शिरले आहे, हा आयताच मिळालेला दाखला समजावा. खालचा बॉल जॉइंट सोडविला की चाकाचा ठोकळा बाहेर ओढता येतो आणि एक्सलचे टोक हबमधून सुटते. गिअरबॉक्सकडचे टोक पहारीने अलगद उचकटावे; दांड्याला धरून ओढू नये, कारण तसे केल्यास आतला सांधा स्वतःच निखळतो आणि त्याचे रोलर हातात येतात.

बाकावर आल्यावर जुना बूट कापून टाकावा, दांड्यावरील लॉक उघडावे आणि पितळी किंवा लाकडी हातोड्याच्या एका निश्चयी ठोक्याने सांधा दांड्यावरून उतरवावा. गाभा, पिंजरा आणि कप यांच्यावर परस्परांची जागा दाखविणारी खूण करून मगच केरोसीनने सर्व धुऊन काढावे. आता गाभा एका बाजूला इतका कलवावा की समोरची खिडकी कपाच्या काठावर येईल. तेथून पहिला छर्रा बाहेर निघतो, आणि याच रीतीने एकामागून एक सहाही. प्रत्येक छर्रा ज्या खिडकीतून आला तिचा क्रमांक लिहिलेल्या वाटीत ठेवावा. मग पिंजरा काटकोनात उभा केला की गाभ्यासह तो कपातून सुटतो.

आता या कामाचा गाभा जो पारखीचा, तो येतो. खाच स्वच्छ पुसून उजेडासमोर धरावी आणि अंगठ्याचे नख तिच्या लांबीवरून सावकाश फिरवावे. नुसती चकाकी ही झीज नव्हे. ती निरोगी वापराची खूण आहे. परंतु मध्यावर नख अडखळले, पोलादाचे बारीक कवच उडून खरखरीत चट्टे पडलेले दिसले, किंवा छर्‍यावर निळसर झाक आली असली, तर तो भाग बाद समजावा. खिडकीच्या कडा झिजून छर्रा तीत खुळखुळत असेल, किंवा दोन खिडक्यांमधील पट्टीस केसाएवढी जरी भेग गेलेली असेल, तरी पिंजऱ्याची गय करू नये. खाचेचा पृष्ठभाग उष्णतासंस्काराने कठीण केलेला असतो आणि त्या कठीण थराची जाडी मिलिमीटरांत मोजावी इतकीच असते. काही कारखान्यांत झिजलेल्या खाचा पुन्हा ग्राइंडिंग करून थोड्या मोठ्या व्यासाचे छर्रे बसविण्याची पद्धत आहे, आणि ती शास्त्रशुद्धही आहे. मात्र ग्राइंडिंग त्या थराच्या पलीकडे गेले, तर उघडे पडलेले मऊ पोलाद थोड्याच काळात पुन्हा खचते. झीज किरकोळ असून दोन्ही बाजूंचे सांधे सर्वस्वी सारखे असतील, तर डाव्याचा सांधा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसवावा. फिरण्याची दिशा उलटल्यामुळे भार खाचेच्या आजवर न झिजलेल्या कडेवर येतो आणि सांध्याला दुसरे आयुष्य मिळते.

या सूक्ष्मतेचे वातावरण बडोद्याला परके नाही. १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशर याने पोलादी छर्रे एकसारख्या गोलाईचे घासणारे यंत्र सिद्ध केले. त्याच घराण्याचे तंत्र घेऊन १९६२ साली ‘प्रिसिजन बेअरिंग्ज’ ही कंपनी या शहरात स्थापन झाली, आणि मनेजाच्या परिसरात आजही बेअरिंगे तयार होतात. त्याच्याही आधी, १८९० साली, महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती येथील कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेची सूत्रे दिली, ती कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी आणि ते शास्त्र त्याला त्याच्या स्वभाषेतून समजावे या हेतूने. ज्याला छर्रे दुभाजक पातळीत का राहतात हे कळले, तोच नखाखाली अडखळणारी खाच टाकावी की ठेवावी हे निर्भयपणे ठरवू शकतो. उरलेल्यांना संपूर्ण एक्सल बदलण्याचा महाग सल्ला निमूटपणे ऐकून घ्यावा लागतो.

पुनर्जुळणीत छर्रे आपापल्या खिडक्यांत परत जावेत आणि सांधा हाताने सर्व बाजूंना न अडखळता कलावा. ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले, काळसर रंगाचेच वापरावे, साधे चाकांचे ग्रीस नव्हे; कारण या द्रव्याचे पातळ पापुद्रे दाबाखालीही एकमेकांवरून सरकत राहतात आणि धातूला धातू भिडू देत नाहीत. लहान मोटारीच्या बाहेरच्या सांध्याला शंभर ग्रॅमच्या आसपास ग्रीस लागते. त्यातील काही खाचांत दाबून भरावे आणि उरलेले बुटात सोडावे. बूट दांड्यावरील त्याच्या खोबणीत बसवावा, त्याला पीळ पडू देऊ नये, आणि क्लिप आवळण्यापूर्वी त्याची कड जरा उचलून आत कोंडलेली हवा काढून टाकावी. दांड्यावरील लॉक नवीन, हबचा नटही नवीन घ्यावा. तो निर्मात्याच्या पुस्तिकेत मुक्रर केलेल्या बळानेच टॉर्क पान्याने आवळावा आणि त्याची कड खोबणीत ठोकून पक्की करावी. एक्सलविना किंवा हा नट पुरता आवळल्याविना गाडी चाकांवर ढकलू नये, नाहीतर चाकाच्या बेअरिंगला नाहक इजा पोहोचते.

या साऱ्या खटाटोपातून बचत होते हे खरे, परंतु माझ्या मते त्याहून मोठा लाभ हा की मालक आपल्या मोटारीचा केवळ धनी न राहता तिचा जाणकार होतो. दर पावसाळ्याच्या तोंडी आणि दर पावसाळ्याच्या अखेरीस बॅटरी घेऊन चाकामागे वाकावे, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस वळवून बुटाची प्रत्येक घडी ताणून पाहावी, आणि चीर दिसल्यास त्याच आठवड्यात बूट बदलावा. एवढी शिस्त पाळली तर या लेखांकातील बहुतेक मजकुराची गरजच पडणार नाही. पुढील लेखांकात याच चाकापाशी थांबून, धावत्या गाडीला थोपविणाऱ्या ब्रेकच्या रचनेचा, त्यातील सिलिंडर आणि रबरी वॉशर यांच्या झिजेचा परामर्श घेऊ.