प्रोग्राम कुठे अडतो? आधी मोजा!

तळोदा-शहाद्यातल्या सी शिकणाऱ्या मित्रांनो, प्रोग्राम रेंगाळला की अंदाजाने कोड बदलत बसू नका. जीसीसीने कंपाइल आणि लिंक करताना ‘-पीजी’ द्या. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला नोंद घेणारा एक कॉल पेरतो. कोणी कोणाला किती वेळा बोलावलं ते कळतं. शिवाय सेकंदाला साधारण 100 वेळा, प्रोग्राम त्या क्षणी कुठे आहे तेही टिपलं जातं. प्रोग्राम नीट संपला की ‘जीमॉन.आउट’ फाइल तयार! ती जीप्रॉफने वाचायची. बर्कलीच्या ग्रॅहम, केसलर आणि मॅकुसिक यांनी 1982 साली मांडलेलं हे साधन शिकायला आजही उत्तम.

मिरचीच्या आवकेच्या नोंदी तारखेप्रमाणे लावणारा माझा प्रोग्राम असाच तपासला. बहुतेक वेळ तारखेचा आकडा करणाऱ्या फंक्शनमध्ये जात होता, कारण प्रत्येक तुलनेला ते नव्याने चालायचं. रूपांतर आधी एकदाच केलं, काम झालं.

मात्र मोजणीलाही वेळ लागतो, त्यामुळे हजारो वेळा चालणारं इवलंसं फंक्शन उगाच जड दिसतं. आणि सोर्स हाताशी नसेल तर व्हॅलग्राइंडचं कॉलग्राइंड वापरा. पुन्हा कंपाइल करावं लागत नाही, पण प्रोग्राम कित्येक पट हळू चालतो. जीसीसीच्या पोटात शिरायचंय? आयआयटी मुंबईचे प्रा. उदय खेडकर यांचं काम जरूर बघा.