डूम ते डस्क: जुन्या घडणीचे शूटर

फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसणारा नेमबाजीचा खेळ. पडद्यावर नायकाचे फक्त हात आणि बंदूक दिसते. या प्रकाराचा पाया अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने घातला. तिचा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' मे १९९२ मध्ये आला. त्या वेळच्या संगणकाला खरी त्रिमिती झेपत नसे, म्हणून तिचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने एक तोड काढली. पडद्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठी एक किरण सोडायचा, तो भिंतीला किती अंतरावर अडतो ते मोजायचे आणि त्यानुसार भिंत उंच किंवा बुटकी रंगवायची. जमीन सपाट, भिंती काटकोनात, पण वेग अफाट.

१० डिसेंबर १९९३ च्या 'डूम'मध्ये जिने, कमीजास्त उंचीच्या खोल्या आणि अंधार-उजेड आले. खोलीवर खोली मात्र रचता येत नव्हती, आणि वर-खाली नेम धरण्याचे काम खेळ स्वतःच करत असे. पहिला भाग फुकट वाटला गेल्याने तो फ्लॉपीवरून हातोहात पसरला. १९९६ च्या 'क्वेक'ने पूर्ण त्रिमिती आणली.

जुन्या घडणीचे सगळे मर्म या तीन खेळांत आहे. आडोशाला दबून जखम भरण्याची वाट पाहायची सोय इथे नाही. सतत पळायचे, औषधाच्या पेट्या शोधायच्या, रंगीत किल्ल्या मिळवून दारे उघडायची आणि भिंतीमागच्या गुप्त खोल्या हुडकायच्या. नकाशा हाच खरा प्रतिस्पर्धी असतो. पुढे शूटर चित्रपटासारखे झाले आणि वाट सरळ एका रेषेत आली. त्यात या प्रकाराने बरेच गमावले.

महाराष्ट्रातल्या खेळाडूची आठवण मात्र बहुधा 'डूम'पाशी सुरू होत नाही. घरांत संगणक आणि शहरांत सायबर कॅफे येऊ लागले ते २००० च्या आसपास, आणि त्या पिढीचा खेळ ठरला 'प्रोजेक्ट आयजीआय'. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने तो २००० मध्ये काढला. आधी लढाऊ विमानाच्या खेळासाठी बनवलेले इंजिन त्यात वापरले होते. म्हणूनच त्यात डोंगर, तळ आणि मोकळे माळ इतके दूरवर दिसतात. नायक डेव्हिड जोन्स एकटाच शत्रूच्या तळात शिरतो, कॅमेरे चुकवतो, धोक्याची घंटा वाजू नये म्हणून जपतो. मोहिमेच्या मध्यावर खेळ सेव्ह करता येत नसे. शेवटच्या पहारेकऱ्याने टिपले की सगळे पहिल्यापासून, आणि कॅफेत तासाचे पैसे चालूच. हा नियम कठोर होता, पण प्रत्येक पाऊल जपून टाकायला त्यानेच शिकवले. एकत्र खेळायला 'काउंटर-स्ट्राइक' होता. कॅफेतले संगणक जोडणाऱ्या लॅनवर दोन फळ्या पडत आणि 'डस्ट टू'चा नकाशा पोरांना तोंडपाठ असे.

इथल्या निर्मितीचे प्रयत्नही त्याच काळातले. मुंबईच्या मिताशी कंपनीने २००२ मध्ये भगतसिंगांवर फर्स्ट पर्सन शूटर आणला. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'मास्कगन' पुढे मोबाइलवर आला. पण तो आजच्या ऑनलाइन चालीचा. जुन्या घडणीशी त्याचे नाते दूरचे.

ती घडण परत आणली परदेशातल्या लहान चमूंनी. कारमॅकने 'डूम'चा कोड १९९७ मध्ये खुला केला होता, त्यामुळे हौशी मंडळींनी नवे नकाशे रचणे कधी थांबवलेच नाही. त्यातून रुजलेल्या आवडीला 'बूमर शूटर' हे नाव मिळाले. डेव्हिड शिमान्स्कीचा 'डस्क' २०१८ मध्ये नेमका 'डूम'च्याच तारखेला, १० डिसेंबरला आला. ओबडधोबड चेहरे, भरधाव वेग आणि अँड्र्यू हल्शल्टचे धडधडते संगीत यांमुळे तो या लाटेतला सर्वांत सच्चा खेळ वाटतो. २०१९ चा 'आयन फ्युरी' तर 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या जुन्या शूटरच्या बिल्ड इंजिनावरच उभा आहे. 'अमिड इव्हिल' जादूच्या शस्त्रांचा. फिनलंडच्या हकिताचा 'अल्ट्राकिल' शत्रूचे रक्त अंगावर घेऊन जखम भरायला लावतो, म्हणजे मागे हटायची सोयच ठेवत नाही.

यांतले बरेच खेळ बेताच्या लॅपटॉपवर चालतात. एकदा उतरवून घेतले की एकट्याने खेळायला इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसलेल्या मुरुडसारख्या किनारी गावात ही मोठी सोय आहे. सुरुवात फुकटात करायची तर 'फ्रीडूम' आहे: 'डूम'च्या खुल्या इंजिनावर चालणारा, स्वयंसेवकांनी स्वतःची चित्रे, आवाज आणि नकाशे घालून बनवलेला पूर्ण खेळ. या खेळांत रक्तपात भरपूर असल्याने लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत.