फियॉर्ड म्हणजे नुसती खाडी नव्हे



पुस्तकात 'फियॉर्ड' शब्द आला की आपण पटकन सांगून टाकतो, "फियॉर्ड म्हणजे नॉर्वेतली खाडी." मुलं पाठ करतात, विषय संपतो. पण कोकणातल्या खाड्या नदीच्या मुखात समुद्र शिरून झाल्या, तर फियॉर्डची दरी कोरली हिमनदीने. हा फरक कळला, की तिथली माणसं डोंगरावर डोळा ठेवून का राहतात, तेही कळतं.

पश्चिम नॉर्वेतला गाइरांगर फियॉर्ड घ्या. लांबी सुमारे १५ किलोमीटर, २००५ पासून जागतिक वारसा स्थळ. नदी मुख्यतः तळ कापते, म्हणून तिची दरी 'व्ही' आकाराची होते. हिमनदी तळाबरोबर बाजूही घासते, म्हणून तिची दरी 'यू' आकाराची, भिंतीसारख्या उभ्या कड्यांची होते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपलं, बर्फ वितळला आणि समुद्र आत शिरला.

आता मुलांना विचारा, बर्फ गेल्यावर त्या कड्यांचं काय झालं असेल? इतकी वर्षं बर्फाने त्यांना टेकू दिला होता. तो टेकू गेला. भेगांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि खडक आणखी सुटत जातो.

७ एप्रिल १९३४ रोजी जवळच्याच ताफियॉर्डमध्ये असाच कडा पाण्यात कोसळला. साठ मीटरहून उंच लाट उठली, काठच्या वस्त्यांतली ४० माणसं गेली.

लाट एवढी घातक का? घरीच करून बघा. पाण्याने भरलेल्या परातीत खडा टाकला तर लाट चहूकडे पसरून मंदावते. अरुंद पन्हळीत टाकला तर तिला पसरायला जागाच नसते, ती जोर टिकवून पुढे धावते. फियॉर्ड म्हणजे ही पन्हळ.

आज गाइरांगरपासून जवळच ओकनेसेट नावाचा कडा दरवर्षी काही सेंटीमीटर सरकतोय. शास्त्रज्ञ उपकरणांनी त्यावर सतत नजर ठेवून आहेत, कारण तो कोसळला तर लाट काही मिनिटांतच गावांत पोहोचेल. आधी इशारा मिळाला तरच माणसं उंचावर जाऊ शकतील.

तेव्हा पुढच्या तासाला व्याख्या लिहून देण्याआधी फळ्यावर 'व्ही' आणि 'यू' काढा. कोणत्या दरीचे कडे आधी कोसळतील, हे मुलांनाच सांगू द्या.