वेलीच्या खोडातून वाडगा

वृक्षाचे खोड आणि वेलीचे खोड ही दोन्ही लाकूडच असली, तरी निसर्गाने त्यांना नेमून दिलेली कामे निराळी आहेत; आणि लेथवर, म्हणजे लाकूड आसाभोवती फिरते ठेवून त्यावर धारेचे हत्यार टेकवण्याच्या यंत्रावर, ती चढवली की हा भेद पहिल्या काही फेऱ्यांतच उघड होतो. वृक्षाला स्वतःचा भार पेलायचा असतो, म्हणून त्याच्या लाकडात आधार देणाऱ्या तंतूंचे प्रमाण मोठे असते. वेल दुसऱ्याच्या आधाराने चढते आणि बारीक खोडातून भरपूर पाणी उंचावरच्या पानांपर्यंत पोचवते, त्यामुळे तिच्या प्रकाष्ठातील, म्हणजे पाणी वाहणाऱ्या लाकडी भागातील, नलिका विलक्षण रुंद असतात. काही काष्ठवेलींत त्यांचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्याही पुढे जातो, म्हणजे त्या नुसत्या डोळ्यांना छिद्रांसारख्या दिसतात.

कातकामाच्या दृष्टीने याहून अडचणीची गोष्ट खोडाच्या वाढीच्या रीतीत दडलेली आहे. बहुतेक वृक्षांत ऊतककर, म्हणजे नव्या पेशी निर्माण करणारा थर, एकच असतो आणि तो आतल्या बाजूस लाकूड व बाहेरच्या बाजूस परिकाष्ठ, म्हणजे अन्नरस वाहणारी मऊ ऊती, तयार करतो. परंतु कित्येक वेलींत असे थर एकामागून एक बाहेरच्या बाजूस निर्माण होतात, आणि त्यामुळे मऊ परिकाष्ठाचे पट्टे किंवा ठिपके लाकडाच्या आतच अडकून राहतात. जिवंत खोडाला ही रचना लवचीकपणा देते. वाळताना मात्र मऊ ऊती लाकडापेक्षा अधिक आकसते आणि तिच्या जागी भेगा किंवा पोकळ्या उरतात, म्हणून वेलीचा वाडगा कातणे हे मुख्यतः या पोकळ्या सांभाळण्याचे काम ठरते.

कोकणच्या रानांत अशा काष्ठवेलींची वाण नाही. उक्षीचे खोड तोडून त्यातून ठिबकणारे पाणी पिण्याची रानवासीयांची रीत परिचित आहे, आणि रुंद नलिकांचा याहून सोपा पुरावा शोधण्याची गरज नाही. पळसवेल, शिकेकाई आणि मीटरभर लांब शेंगांची गारंबी याच वर्गातल्या होत. गारंबीच्या टणक, चपट्या बिया पोखरून युरोपात तपकिरीच्या व आगकाड्यांच्या डब्या केल्या जात, ही गोष्ट 1920च्या दशकात आगपेट्या बनवू लागलेल्या विम्को कंपनीच्या अंबरनाथमध्ये सांगण्याजोगी आहे. काड्यांसाठी ओंडका फिरवून त्याचा पातळ पापुद्रा सोलून काढणारे यंत्र हेही अखेर लेथच्याच कुळातले. परंतु मलंगगडाच्या उतारावरची किंवा बारवी धरणाभोवतीच्या वनातली वेल कातण्यासाठी तोडावी, असे कोणी म्हणू नये, कारण भारतीय वन अधिनियम, 1927 वनातून आलेल्या वेलींची गणना वनोपजातच करतो आणि परवानगीवाचून त्या काढणे हा अपराध ठरतो.

शहरातल्या कारागिराला मोकळेपणाने मिळू शकेल अशी वेल एकच, आणि ती मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे: बोगनवेल. बदलापूर आणि अंबरनाथच्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणावर वाढलेल्या, पुनर्बांधणीच्या वेळी मुळासकट काढाव्या लागणाऱ्या बोगनवेलीचे बुंधे पुष्कळदा वाडग्याइतके जाड असतात. तिचे लाकूड फिकट, हलके आणि अडकलेल्या परिकाष्ठाच्या ठिपक्यांनी भरलेले असते. सरपणवाल्यालाही ते फारसे नको असते, आणि कारागिराच्या पदरात ते पडते याचे कारण बहुधा हेच आहे.

एवढ्या व्यासाच्या खोडातून वाडगा काढायचा, तर खोडाचा आस आणि यंत्राचा आस एकच ठेवणे सोयीचे असते. त्यामुळे वाडग्याच्या काठावर खोडाचा आडवा छेद येतो आणि वर्तुळाकार पट्ट्यांची सारी नक्षी दिसते. उलट खोडाचा गाभा तळाच्या मध्यावर येतो व तिथून चीर जाण्याचे भय राहते. या मांडणीत आतली पोकळी मध्यापासून काठाकडे आणि बाहेरची बाजू रुंद भागाकडून अरुंद भागाकडे कापावी लागते, कारण उलट दिशेने गेल्यास पाठीशी आधार नसलेले तंतू उचकटतात. वेलीच्या बाबतीत हा नियम मोडला तर नुसता खडबडीतपणा येऊन भागत नाही, काठाचा तुकडाच उडतो. म्हणून वेडेवाकडे खोड आरंभी मंद गतीने फिरवावे, धार वारंवार लावावी आणि भिंत पातळ करण्याचा मोह टाळावा, कारण कागदासारखा पातळ वाडगा हा घट्ट लाकडाला शोभणारा डौल आहे.

पोकळ्यांवर दोन उपाय आहेत. पहिला आधुनिक: कातता कातता पातळ सायनोअॅक्रिलेट चिकटद्रव्य छिद्रांत मुरवणे किंवा मोठ्या भेगा इपॉक्सीने भरणे. दुसरा उपाय लाखेचा, आणि महाराष्ट्रात तो सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी तिथल्या राजवाड्यात उत्तेजन देऊन ही मागे पडत चाललेली कारागिरी पुन्हा उभी केली. लेथवरच्या लाखकामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली जाते, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पृष्ठभागात बसते आणि केवड्याच्या पानाने घासल्यावर तिला तकाकी येते. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर जमणारे हे काम बोगनवेलीवरही जमावे. शिवाय गडद लाख छिद्रांत उतरली, तर लाकडाची रचनाच नक्षी होऊन उठून दिसेल, आणि इपॉक्सीच्या काचेसारख्या चमकीपेक्षा ते अधिक शोभेल.

1949 साली वसलेल्या उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, किंवा मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीचा शेजार लाभलेल्या अंबरनाथच्या कारखानदारीत, लेथ ही नवलाईची वस्तू नाही. एकसारखे पाय आणि खांब झपाट्याने कातण्याची सवय जडलेल्या हाताला मात्र हे काम संथ वाटणार, कारण वेलीचा कोणताही दुसरा तुकडा पहिल्यासारखा निघत नाही. असा वाडगा आमटीचा नव्हे, काठवटीची जागाही तो घेणार नाही. सुकी फळे, किल्ल्या, फार तर सुपाऱ्या ठेवण्यापुरताच तो उपयोगी आहे.

खोड कापल्यावर त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण लावावे लागते, मग जाड भिंतीचा कच्चा वाडगा ओला असतानाच कातून त्याच्याच भुशासह कागदी पिशवीत काही महिने ठेवावा लागतो, आणि सुकताना वाकडा झालेला तो आकार पुन्हा लेथवर गोल करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात बदलापूरच्या दमट हवेत सच्छिद्र ओल्या लाकडावर दोन-चार दिवसांत बुरशी धरते, तेव्हा खोड दिवाळीनंतर कापणे आणि दुसरे कातकाम पावसाळ्यापूर्वी उरकणे हेच बरे.