संगणकाच्या जाहिरातीतला आकडा

दहावीचा निकाल लागला, की अनेक घरांत संगणक घेण्याची चर्चा सुरू होते. वर्तमानपत्रातील पानभर जाहिरात मधोमध ठेवून सारे घर बसते. आई किंमत पाहते, वडील महिन्याचा हप्ता किती पडेल याचा हिशेब करतात आणि तुम्ही मात्र एका आकड्यावर बोट ठेवता: ३ गिगाहर्ट्झ! शेजारच्या घरी आहे तो २.४ चा. म्हणजे आपला वेगवान, नाही का?

विद्यार्थी मित्रांनो, घरातील कितीतरी महिन्यांची शिल्लक ज्या आकड्याच्या भरवशावर खर्च होणार, तो काय मोजतो ते आधी पाहू.

संगणकाच्या प्रक्रियकात, म्हणजे प्रोसेसरमध्ये, ठोके देणारी एक व्यवस्था असते. कवायतीच्या मैदानावर शिटीबरोबर सर्वांचे हात एकदम वर जातात, तसे या प्रत्येक ठोक्याबरोबर प्रक्रियकातील काम एक पायरी पुढे सरकते. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधील वेळ इतका थोडा, की तेवढ्यात प्रकाशदेखील फक्त १० सेंटिमीटर जातो. तुमच्या कंपासपेटीतील पट्टी ओलांडणेही त्याला जमत नाही! तेव्हा आकडा थक्क करणारा आहे यात शंका नाही. परंतु तो मोजतो ठोके; झालेले काम नव्हे.

वडिलांचे बोट धरून बाजारात निघालेले लहान मूल आठवा. समजा, ते मिनिटाला १५० पावले टाकते आणि त्याचे पाऊल ४० सेंटिमीटरचे आहे. वडील मिनिटाला ८० च पावले टाकतात, पण त्यांचे पाऊल ७५ सेंटिमीटरचे. गुणाकार करा. दोघेही मिनिटाला ६० मीटरच चालतात. मुलाच्या पावलांची जाहिरात केली तर ते वडिलांच्या जवळजवळ दुप्पट वेगवान ठरेल!

संगणकाचेही तसेच आहे. एका ठोक्यात सरासरी किती आज्ञा पुऱ्या होतात, हे त्याचे 'पाऊल'. त्याला ठोक्यांच्या वारंवारतेने गुणले, तर सेकंदाला किती आज्ञा पुऱ्या होतात ते कळते. जाहिरातीत या दोहोंपैकी एकच संख्या असते.

याचा अनुभव जगाने २००० सालानंतर घेतला. इंटेल कंपनीने त्या वर्षी पेंटियम ४ हा प्रक्रियक १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ वेगाने बाजारात आणला. आधीच्या पेंटियम ३ मध्ये एक आज्ञा सुमारे १० टप्प्यांत पुरी होई; येथे टप्पे २० केले. पंगतीसाठी पुऱ्या करताना एकीने कणीक मळावी, दुसरीने लाटावे, तिसरीने तळावे, तशी ही रांग असते. कामाचे तुकडे जितके लहान, तितका प्रत्येक तुकडा लवकर उरकतो आणि ठोके जलद देता येतात. पण मध्येच निरोप आला, की पुऱ्या नकोत, पोळ्या करा, तर लाटलेले सारे वाया! रांग जितकी लांब, तितके वाया जाणारे अधिक. प्रक्रियकालाही पुढे कोणती आज्ञा येईल याचा अंदाज बांधून काम सुरू करावे लागते, आणि अंदाज चुकला की रांग रिकामी करून पुन्हा आरंभ करावा लागतो. त्यामुळे सुरुवातीचे पेंटियम ४ काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्याही मागे पडले. जाहिरातीतला आकडा मात्र अगदी खरा होता.

जुलै २००१ मध्ये ॲपल कंपनीने एक प्रात्यक्षिक केले. तिच्या ८६७ मेगाहर्ट्झच्या यंत्राने १.७ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला छायाचित्रांवर संस्कार करण्याच्या कामात मागे टाकले. ठोके निम्मे, काम आधी पुरे! ॲपलचे म्हणणे योग्यच होते. पण स्पर्धेचे काम कोणी निवडले होते? ॲपलनेच. याच कंपनीने २००३ मध्ये आपले नवे यंत्र जगातील सर्वांत वेगवान वैयक्तिक संगणक असल्याची जाहिरात केली, तेव्हा ब्रिटनमधील दूरचित्रवाणी नियामकाने ती दिशाभूल करणारी ठरवून थांबवली. एएमडी या तिसऱ्या कंपनीने तर १,५३३ मेगाहर्ट्झच्या प्रक्रियकाला '१८००+' असे नावच दिले. म्हणजे ठोक्यांऐवजी दुसरा एक आकडा.

अखेर उष्णतेने ही शर्यत थांबवली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला. आजच्या जाहिरातींत हर्ट्झचा आकडा असतोच. त्याला 'पर्यंत' हा छोटा शब्द जोडलेला असतो. पातळ लॅपटॉप हा वरचा वेग थोडाच वेळ गाठू शकतो. यंत्र तापले, की ते आपण होऊन ठोके कमी करते. नागपूरच्या मे महिन्यात 'पर्यंत'चा अर्थ फारच लवकर कळतो.

मग जाहिरातीत असावे तरी काय? माझ्या मते, प्रयोगवहीत असते ते. उत्तराखाली परिस्थिती लिहिली नाही तर मी विद्यार्थ्याचे गुण कापतो. कंपनीला वेगळा नियम कशाला? अमुक प्रोग्रॅमने अर्ध्या तासाची चित्रफीत इतक्या मिनिटांत तयार झाली. खोलीचे तापमान इतके. चार्जर लावलेला होता की नव्हता. यंत्रात स्मृती इतकी. एवढे छापले तर गिगाहर्ट्झ न कळणाऱ्या आजीलाही दोन यंत्रांची तुलना करता येईल.

२००१ मध्ये ॲपलने आयपॉड हे गाणी ऐकण्याचे यंत्र काढले. त्याची क्षमता ५ गिगाबाइट. पण जाहिरात सांगे: खिशात हजार गाणी! हे कोणालाही समजते. भागाकार केला तर एका गाण्याला ५ मेगाबाइट येतात, म्हणजे साधारण चार मिनिटांचे गाणे. आता समजा, तुमचे आजोबा चाळीस मिनिटांचे राग ऐकतात. त्यांच्यासाठी ती हजार गाणी नव्हेत, शंभरच. म्हणून 'चार मिनिटांचे एक' ही अट आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत हवी.

तोवर एक प्रयोग करता येईल. घरी नेहमी करावे लागते असे एखादे जड काम निवडा. त्याची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुकानात जा. दुकानदाराच्या परवानगीने, मांडून ठेवलेल्या दोन यंत्रांवर एकाच प्रोग्रॅमने तेच काम करून पाहा आणि मनगटी घड्याळाने वेळ मोजा. एकदा नव्हे, तीनदा मोजून सरासरी काढा. तिसऱ्या खेपेला यंत्र तापलेले असेल, तेव्हा तो आकडा वेगळाही लिहून ठेवा. दुकानदार थोडा वैतागेल. पण वडील हप्ते भरणार आहेत, हे त्यालाही ठाऊक असते.